अडखळणाऱ्यांनी उभं केलेलं शास्त्र

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तोतरेपणा घालवून देण्याची हमी देणाऱ्या खासगी शाळा जोरात चालत होत्या. त्यांपैकी बेंजामिन बोग यांची इंडियानापोलिसमधली शाळा फार नावाजलेली होती. अशा शाळांत मुलं काही आठवडे राहायची, हाताने ताल धरत मोजूनमापून बोलायची आणि निघताना अस्खलित बोलायची. घरी पोचल्यावर थोड्याच दिवसांत बोलणं पुन्हा अडायचं. ताल धरला की तोतरेपणा ओसरतो, हे खोटं नाही. आरतीत सगळ्यांच्या सुरात सूर मिसळताना, वर्गात एका आवाजात पाढे म्हणताना किंवा गाणं गाताना अडखळत बोलणाऱ्या बहुतेकांची जीभ अडत नाही. मग तोच माणूस दुकानात एकट्याने साबण मागायला गेला की का अडतो? हा प्रश्न त्या शाळांनी विचारला नाही. तो विचारायला विद्यापीठ लागलं, आणि विद्यापीठातही तो नेटाने लावून धरला तो स्वतः अडखळत बोलणाऱ्यांनी. ज्यांना त्रास आहे त्यांनीच इतक्या मोठ्या प्रमाणावर उभं केलेलं दुसरं आरोग्यशास्त्र मला माहीत नाही.

सुरुवात झाली आयोवा विद्यापीठात. तिथले मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांना उमगलं होतं, की बोलण्याचा अभ्यास एका विषयात मावणारा नाही. त्यांनी ली एडवर्ड ट्रॅव्हिस या तरुण विद्यार्थ्याला मानसशास्त्राच्या जोडीने मज्जासंस्था, शरीरक्रिया, ध्वनीचं भौतिकशास्त्र असं सगळं शिकायला लावलं. ट्रॅव्हिसने १९२०च्या दशकात तिथे वाचादोषांची प्रयोगशाळा आणि दवाखाना एकत्र चालवला आणि १९३१ साली ‘स्पीच पॅथॉलॉजी’ हे पाठ्यपुस्तक लिहिलं. मधल्या काळात, १९२५ साली, अमेरिकेतल्या वाचादोष-तज्ज्ञांची व्यावसायिक संघटनाही उभी राहिली होती. आजच्या अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनचं मूळ तिच्यात आहे.

आयोवात आलेले बरेचसे तरुण आधी उपचारासाठी आले होते आणि मग तिथलेच विद्यार्थी झाले. कॅन्ससच्या एका शेतकऱ्याचा मुलगा वेंडेल जॉन्सन त्यांपैकी एक, मिशिगनचा चार्ल्स व्हॅन रायपर दुसरा. हे लोक संशोधकही होते आणि प्रयोगाचे विषयही. स्वतःच्या जबड्याला, गळ्याला तारा लावून घ्यायच्या आणि अडखळताना स्नायूंत काय होतं ते नोंदवायचं, असं चाले. ट्रॅव्हिसचा सिद्धान्त होता, की बोलण्यावर मेंदूच्या एका अर्ध्या भागाचा पुरेसा ताबा नसला की दोन्ही बाजूंची ओढाताण होते. जन्मतः डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावलं की अशी ओढाताण वाढते, अशी त्याची समजूत होती. म्हणून जॉन्सनने वर्षानुवर्षं डावखुरा होण्याचा प्रयत्न केला. त्याने बोलण्यात काही फरक पडला नाही.

या अपयशातून जॉन्सन उलट्या टोकाला गेला. त्याने १९२८च्या सुमाराला लिहायला घेतलेलं स्वतःच्या तोतरेपणाचं निवेदन पुढे पुस्तकरूपाने आलं, आणि तो आयोवातच प्राध्यापक झाला. त्याचं म्हणणं असं होतं, की लहान मूल बोलायला शिकताना अडखळतंच, सगळीच मुलं अडखळतात. आईबाप काळजीने त्याला ‘तोतरेपणा’ म्हणतात, सारखे टोकतात, मूल धास्तावतं आणि त्या धास्तीतून खरा तोतरेपणा जन्मतो. दुखणं मुलाच्या शरीरात नसून नाव ठेवणाऱ्याच्या कानात आहे, असा त्याचा दावा होता. हा विचार फार पसरला. जगभरच्या स्पीच थेरपिस्टनी पुढची कित्येक वर्षं पालकांना एकच सल्ला दिला: लक्ष देऊ नका, त्याच्यासमोर विषयच काढू नका.

हा दावा तपासायला १९३९ साली जॉन्सनने मेरी ट्यूडर या आपल्या विद्यार्थिनीला डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमात पाठवलं. तिथली बावीस मुलं निवडली होती. त्यांपैकी दहा मुलं आधीच अडखळत बोलणारी मानली जात होती आणि बारा नीट बोलणारी होती. नीट बोलणाऱ्या बारांपैकी सहा मुलांना ट्यूडरने महिनोन्महिने सांगितलं, की तुमच्या बोलण्यात तोतरेपणाची लक्षणं दिसताहेत, ताबडतोब थांबवा, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. आश्रमातल्या शिक्षकांना आणि सांभाळणाऱ्यांनाही तसंच सांगितलं गेलं. ती मुलं बोलायची कमी झाली, वर्गात उत्तर द्यायला लाजू लागली, एकेका शब्दाला कचरू लागली. ट्यूडरने नंतर पुन्हा जाऊन त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन पडला आणि कधीच प्रसिद्ध झाला नाही. जवळच्या वर्तुळात त्याला ‘मॉन्स्टर स्टडी’ म्हणत. २००१ साली एका वृत्तपत्राने तो बाहेर काढला तेव्हा विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ साली आयोवा राज्याने हयात असलेल्यांना आणि मृतांच्या वारसांना भरपाई दिली.

आजच्या विद्यार्थ्याला हा प्रयोग संशोधनाच्या नीतिशास्त्रात शिकवला जातो आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या बाजूने विचारणारं कोणी नव्हतं अशा मुलांना निवडून त्यांच्यावर दुखणं लादायचा प्रयत्न झाला, याला कुठलंही समर्थन नाही. पण माझ्या मते त्यात शास्त्राचाही एक धडा आहे, आणि तो तितकासा सांगितला जात नाही. निकोलीन अ‍ॅम्ब्रोझ आणि एहुद याइरी यांनी २००२ साली त्या प्रबंधातली आकडेवारी पुन्हा तपासली. मुलांच्या मनावर परिणाम झाला होता, पण त्यांना तोतरेपणा जडला असं त्या आकड्यांतून दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. म्हणजे ज्या सिद्धान्तासाठी मुलांना छळलं, त्याला त्या प्रयोगाने आधार दिलाच नव्हता. तरी सिद्धान्त पुढे कित्येक वर्षं शिकवला गेला आणि असंख्य आयांना ‘माझ्यामुळेच याला हे झालं’ या अपराधी भावनेत ढकलून गेला. जॉन्सन स्वतः आयुष्यभर अडखळत बोलला. दुखण्याचा अनुभव त्याच्याकडे होता, हेतूही वाईट नव्हता. अनुभवाने प्रश्न नीट कळतो. उत्तर मात्र मोजल्याशिवाय आणि वाट पाहिल्याशिवाय कळत नाही.

ती वाट याइरी यांनी पाहिली. तेही अडखळत बोलणारे, इस्राएलमधून शिकायला आयोवात आलेले, पुढे इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झालेले. त्यांनी आणि अ‍ॅम्ब्रोझ यांनी नुकतीच अडखळू लागलेली लहान मुलं शोधली आणि त्यांचं बोलणं वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रित केलं. १९९९ साली त्यांनी ८४ मुलांचा हिशेब मांडला. किमान चार वर्षं पाठपुरावा केल्यावर ७४ टक्के मुलं पूर्ण बरी झाली होती, २६ टक्क्यांचा तोतरेपणा टिकला होता. मुली मुलांपेक्षा अधिक प्रमाणात बऱ्या होतात. म्हणूनच सुरुवातीला मुलगे आणि मुली यांच्या संख्येत अंतर तुलनेने कमी असतं, पण मोठ्यांमध्ये अडखळणारे पुरुष स्त्रियांच्या साधारण चौपट दिसतात. बोलणं अडायला लागतं ते बहुधा दोन ते चार वर्षांच्या दरम्यान, आणि कित्येकदा अगदी अचानक, दोन-तीन दिवसांत. जगभरात लहानपणी कधी ना कधी अडखळणारी मुलं सुमारे पाच टक्के आणि मोठेपणीही अडखळणारी माणसं सुमारे एक टक्का, हा जुना अंदाज या पाठपुराव्याशी जुळतो.

आपल्याकडे घरोघरी बोलणं सुधारायला वेखंड उगाळून मधातून चाटवतात, कोणी नवस बोलतं, कोणी जिभेचा शेंडा मोकळा करून घेतो. चारांतली तीन मुलं आपोआप बरी होणार असतील तर या प्रत्येक उपायाला चारांत तीनदा यश येणारच. उपाय करणाऱ्याला खोटं बोलायची गरजच पडत नाही, तो मनापासून सांगतो की आमच्या बाळ्याला गुण आला. स्पीच थेरपिस्टच्या उपचारांनाही हाच नियम लागतो. म्हणून या विषयात उपचार न केलेल्या मुलांचा गट शेजारी ठेवल्याशिवाय कुठलाही दावा मानत नाहीत. पदवीच्या विद्यार्थ्याला हे एवढं एक पक्कं शिकवलं तरी वर्ग सार्थकी लागला म्हणायचा.

आता वर्गात प्रत्यक्ष काय करतात ते पाहू. पहिलं काम कान तयार करण्याचं. सगळं अडखळणं तोतरेपणा नसतं. ‘मला, म्हणजे, मला काय म्हणायचंय’ किंवा ‘आजी आली, आजी आली आणि मग’ असं आपण सगळेच बोलतो. ‘म-म-म-मला’ असा शब्दाचा तुकडा वारंवार येणं, ‘सssssसाखर’ असा आवाज लांबणं, किंवा ओठ मिटून ‘प’वर हवा अडून काहीच बाहेर न येणं, ही लक्षणं वेगळी. विद्यार्थी ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून प्रत्येक घटना चिन्हांनी नोंदवतो आणि शंभर उच्चार-तुकड्यांमागे किती, असं प्रमाण काढतो. लहान मुलात शंभरामागे तीन किंवा अधिक अशा घटना आढळल्या तर तोतरेपणाची शक्यता गांभीर्याने घेतात. मराठीत हे मोजताना लिहिण्याची सवय आड येते. ‘घर’ लिहिताना अक्षरं दोन, पण एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा एकच. ‘बरोबर’मध्ये अक्षरं चार आणि तुकडे तीन. कागदावरची अक्षरं मोजली तर टक्केवारी चुकते, म्हणून ऐकूनच मोजावं लागतं.

दुसरी अडचण दोन भाषांची. घरी मराठी आणि बालवाडीत इंग्रजी असलेलं मूल इंग्रजी शब्द शोधताना थांबतं, वाक्य अर्ध्यात सोडून पुन्हा सुरू करतं, ‘द, द’ करत राहतं. परक्या भाषेतल्या या थबकण्यावरून तोतरेपणाचा निष्कर्ष काढणं घातक आहे. दोन्ही भाषांतलं बोलणं ऐकल्याशिवाय मत देऊ नये. दोन भाषा कानावर पडल्यामुळे तोतरेपणा होतो आणि म्हणून एक भाषा बंद करा, असा सल्ला आजही दिला जातो. त्यात घरातली मराठीच बंद होते. या सल्ल्याला भक्कम आधार नाही.

कारणांविषयी आज जे ठाऊक आहे ते थोडक्यात सांगतो. तोतरेपणा घराण्यात चालतो, हे जुनं निरीक्षण. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले डेनिस ड्रेना आणि सहकारी यांनी त्याच्याशी निगडित तीन जनुकं दाखवली. हा शोध सुरू झाला तो पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून, जिथे नात्यात लग्नं होत आणि अनेकजण अडखळत बोलत. ही जनुकं पेशीतला कचरा निकाली काढणाऱ्या व्यवस्थेत काम करतात. बोलण्याशी त्यांचा संबंध असेल असं कोणी आधी सुचवलं असतं तर ते फारसं कोणाला पटलं नसतं. २०२५ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या एका अभ्यासाने जनुकसंचातली ५७ ठिकाणं तोतरेपणाशी जोडली. मेंदूच्या चित्रणांतही बोलण्याचं नियोजन करणारे आणि ते अमलात आणणारे भाग जोडणाऱ्या तंतूंत सूक्ष्म फरक दिसतात. भित्रा स्वभाव, आईचं दुर्लक्ष, दुसऱ्याची नक्कल ही कारणं मागे पडली आहेत. भीती असते, पण ती अडखळण्याच्या अनुभवातून येते आणि मग अडखळणं वाढवते.

ही भीती कशी हाताळायची हे शिकवलं व्हॅन रायपरने. तरुणपणी नोकरी टिकेना म्हणून त्याने एका शेतावर मूकबधिर असल्याचं सोंग घेऊन मजुरी केली होती. ते सोडून घरी परतताना एका म्हाताऱ्याने त्याला गाडीत घेतलं. म्हाताराही अडखळत बोलत होता, पण जोर न लावता. त्याने सांगितलं, की आता स्वतःशी झगडायचं वय राहिलं नाही, शब्द येतील तसे येऊ देतो. व्हॅन रायपरने १९३६ साली मिशिगनमधल्या कॅलमझू इथे दवाखाना सुरू केला आणि या एका प्रसंगातून कळलेल्या गोष्टीवर आयुष्यभर काम केलं. त्याच्या पद्धतीत अडखळणं नाहीसं करण्याची धडपड सोडून ते सोपं करायला शिकवतात. क्रम मोठा सुरेख आहे. आधी, शब्द अडून कसाबसा बाहेर पडल्यावर थांबायचं आणि तोच शब्द सैलपणे पुन्हा म्हणायचा. ते जमलं की शब्द अडला असतानाच ताण सोडवून त्यातून बाहेर यायचं. शेवटी, अडणार हे आधी जाणवतं त्या क्षणी तयारी करून शब्दात शिरायचं. मागून पुढे येणारा हा क्रम विद्यार्थ्याला आधी उलटा वाटतो. अडण्याच्या भीतीत असलेल्या माणसाला आधीच तयारी करायला सांगणं किती निरुपयोगी आहे, हे कळलं की मग तो पटतो.

व्हॅन रायपरच्या परंपरेतून आलेला एक गृहपाठ अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत दिला जातो. विद्यार्थ्याने बाजारात जाऊन अनोळखी माणसांशी मुद्दाम अडखळत बोलायचं आणि परत येऊन काय झालं ते लिहायचं. दुकानदाराने नजर फिरवली का, वाक्य आपणच पुरं केलं का, मागच्या रांगेतला हसला का, आणि आपल्याला बोलायच्या आधी पोटात काय वाटलं? अनेकजण पहिल्या वेळी दारातूनच परत येतात. काही अडखळत बोलणाऱ्या लोकांना यात आपली नक्कल होते असं वाटतं, आणि ही हरकत ऐकून घ्यायला हवी. शिक्षकाच्या देखरेखीशिवाय, चर्चेशिवाय हा गृहपाठ देऊ नये. पण तो द्यावाच, असं मला ठाम वाटतं. ज्या तरुणीने मेडिकलच्या दुकानात क्रोसिनच्या ‘क्रो’वर अडून राहून मागच्या लोकांचं चुळबुळणं सोसलं आहे, ती उद्या आपल्या रुग्णाला ‘दीर्घ श्वास घे आणि सावकाश बोल’ असं सहजी म्हणणार नाही. आपलं नाव सांगायची पाळी आली की बहुतेकांना सर्वांत जास्त अडतं, कारण बाकीच्या शब्दांना पर्याय शोधता येतो, नावाला नाही. कित्येकजण चहा हवा असला तरी पाणीच मागतात, कारण ‘च’ अडेल. असं टाळत जगणारा वरवर अस्खलित वाटतो. स्वतः अडखळत बोलणाऱ्या जोसेफ शीहन या मानसशास्त्रज्ञाने म्हणूनच तोतरेपणाला हिमनग म्हटलं.

लहान मुलांच्या उपचारात मोठा बदल घडला ऑस्ट्रेलियात. सिडनी विद्यापीठाच्या लिडकम इथल्या आवारात मार्क ऑन्स्लो आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांखालच्या मुलांसाठी कार्यक्रम तयार केला. त्यात थेरपिस्ट मुलावर थोडं आणि आईवडिलांवर जास्त काम करतो. पालक रोज थोडा वेळ मुलाशी खेळतात, नीट बोलल्यावर ‘छान बोललास’ म्हणतात आणि क्वचित, हळुवारपणे, अडलेल्या शब्दाकडे लक्षही वेधतात. जॉन्सनच्या शिकवणुकीच्या हे अगदी विरुद्ध. २००५ साली न्यूझीलंडमधल्या ५४ मुलांवरची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. नऊ महिन्यांनी उपचार घेतलेल्या गटात अडखळण्याचं प्रमाण सरासरी १.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३.९ टक्के होतं. नावं ठेवून न हिणवता बोलण्याबद्दल मुलाशी बोलता येतं आणि त्याने अडखळणं वाढत नाही, याला यातून आधार मिळाला. पुढे नेदरलँड्समध्ये १९९ मुलांवर हीच पद्धत आणि घरातला बोलण्याचा ताण कमी करण्याची जुनी पद्धत यांची तुलना झाली. दीड वर्षाने दोन्हींत सुमारे तीन-चतुर्थांश मुलं अडखळेनाशी झाली होती. एकच पद्धत खरी, असं म्हणणाऱ्या थेरपिस्टने ही आकडेवारी वाचावी.

भारतात या विषयाचं शिक्षण १९६०च्या दशकात सुरू झालं. मुंबईत नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयातला अभ्यासक्रम देशातल्या अगदी पहिल्यांपैकी आहे. १९६५ साली म्हैसूरला अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था उभी राहिली, १९८३ साली मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था. पुण्यात भारती विद्यापीठातही हे शिक्षण मिळतं. बारावी विज्ञाननंतर चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, आणि त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. या चार वर्षांत श्रवणदोष, पक्षाघातानंतरची वाचाहानी, स्वमग्नता, टाळू दुभंगलेली मुलं, गिळण्याचे विकार असं पुष्कळ शिकायचं असतं. या गर्दीत तोतरेपणाला पुरेसा वेळ मिळत नाही. अमेरिकेतही हेच झालं आहे. तोतरेपणाच्या रुग्णाबरोबर ठरावीक तास काम केलंच पाहिजे ही अट तिथे गेल्या शतकाच्या अखेरीस सैल झाली, आणि या विषयात आपला हात बसलेला नाही असं तिथले अनेक थेरपिस्ट स्वतःच सांगतात. एक मोठा माणूस आणि एक लहान मूल, दोघांवर सलग काही महिने देखरेखीखाली काम केल्याशिवाय पदवी देऊ नये, असं माझं मत आहे. पुस्तकातून शिकलेला थेरपिस्ट शांतता सहन करू शकत नाही. समोरचा अडला की तो मदतीला धावतो आणि शब्द त्याच्या तोंडातून काढून घेतो.

आपल्याकडे आणखी एक काम पडून आहे. मराठी बोलणाऱ्या तीन-चार वर्षांच्या मुलांत नेहमीचं अडखळणं किती असतं, मालवणी किंवा वऱ्हाडी घरातल्या मुलाचं बोलणं कोणत्या मापाने मोजायचं, वाचनचाचणीचे मराठी उतारे कोणते, याचा पाया जितका रुंद असायला हवा तितका नाही. इंग्रजीवरून उतरवलेल्या चाचण्यांवर भागवलं जातं. पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा घ्यावा. एकेका जिल्ह्यातल्या अंगणवाड्यांतून पन्नास-शंभर मुलांचं बोलणं रीतसर परवानगी घेऊन मुद्रित केलं, तरी पुढच्या अनेक थेरपिस्टच्या हाती काहीतरी ठोस येईल.

आणि शेवटी एक विनंती. तुमच्या घरात दोन-चार वर्षांचं मूल सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ अडखळत असेल, घराण्यात कोणी अडखळत असेल, किंवा मूल बोलायला टाळू लागलं असेल, तर ‘मोठा झाल्यावर जाईल’ म्हणून थांबू नका. नोंदणीकृत स्पीच थेरपिस्टला दाखवा. आणि बारावीत शिकणारा, हजेरीला ‘हजर’ म्हणताना अडणारा जो कोणी हे वाचत असेल त्याने, तिने, या अभ्यासक्रमाचा अर्ज जरूर भरावा. तोंडी परीक्षेच्या भीतीने तो टाळू नये. व्हॅन रायपर, शीहन, याइरी हे सगळे अडखळतच शिकले आणि अडखळतच शिकवत राहिले.